‘आय हेट’च्या पुढे काय? नावड, किळस, तिरस्कार यांच्या इंग्रजी शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला कॉलेज रोडला इंग्रजीच्या बॅचेस घेते. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले इंजिनियर येतात, बँकेच्या नि एमपीएससीच्या तयारीतली मुलं येतात, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून काही ताई येतात. आवडलं हे सांगायला सगळ्यांकडे पाच-सहा शब्द असतात, पण चीड आली, किळस आली, एखादा माणूस मनातून उतरला असं काही सांगायचं झालं की सगळी गाडी ‘आय हेट’वर येऊन थांबते. त्यावरून जे प्रश्न बॅचमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सारखे येतात ते इथे एकत्र लिहितेय. क्रम असा काही नाही, तुम्हाला हवा तो प्रश्न वाचा.

सगळीकडे ‘हेट’च वापरलं तर बिघडतं काय?

ग्रामर चुकत नाही आणि समोरच्याला अर्थही कळतो. पण ‘हेट’ फक्त एवढंच सांगतं की भावना जोरात आहे, ती कुठल्या जातीची आहे ते सांगत नाही. आता बघा, कारल्याची भाजी, कामात सारखा नाक खुपसणारा बॉस, लाच मागणारा माणूस आणि मोरीतलं झुरळ, या चौघांना आपण इंग्रजीत ‘आय हेट’ म्हणून मोकळे होतो. मराठीत असं कधी करतो का आपण? कारलं आवडत नाही, बॉस डोक्यात जातो, लाच मागणाऱ्याची चीड येते आणि झुरळाची किळस येते, चार गोष्टींना चार वेगळी क्रियापदं न शिकवता तोंडात येतात. म्हणजे फरक तुम्हाला आधीपासून कळतोय, फक्त इंग्रजीतला जोडीदार शब्द माहीत नाही. कारल्याला ‘आय डोन्ट लाइक’ पुरे, बॉसला ‘आय कान्ट स्टँड हिम’, लाचेला ‘आय डिटेस्ट’, आणि झुरळाला ‘इट डिसगस्ट्स मी’. एवढं केलं तरी बोलणं लगेच नेमकं होतं.

पण शब्द तर खूप आहेत, त्यातून निवडायचं कसं?

मी बॅचमध्ये पहिल्यापासून एकच सांगते, शब्द पाठ करण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते बघा. तुम्ही त्या माणसाकडे वरून खाली बघताय का? मग डिस्पाइज, डिस्डेन, स्कॉर्न, कन्टेम्प्ट यातला शब्द लागणार. अंगावर काटा येतोय, पोटात ढवळतंय? मग डिसगस्ट, रिव्हल्शन, लोद. त्या माणसाने तुमचं कधीतरी काही वाकडं केलंय आणि ते मनात राहिलंय? रिझेंटमेंट, ग्रज. ती गोष्टच मुळात अन्यायाची आहे, तुमच्या विवेकाला पटत नाही? अब्हॉर, डिटेस्ट, डिप्लोअर. आणि यातलं काहीच नाही, नुसतं त्या वाटेला जावंसं वाटत नाही, मन वळतच नाही तिकडे, तर अ‍ॅव्हर्जन किंवा अँटिपथी.

जोर किती हे दुसरं बघायचं, जागा पहिली. क्लासेसच्या नोट्समध्ये हे सगळे शब्द ‘हेट’चे सिनॉनिम म्हणून एका ओळीत छापलेले असतात, आणि मुलं ते एकमेकांच्या जागी बिनधास्त टाकतात, ते मला मनापासून खटकतं, कारण त्या ओळीत सगळ्यात महत्त्वाची गोष्टच गायब असते.

‘हेट’ आणि ‘डिस्पाइज’ यात नेमका फरक काय?

डिस्पाइज हा मूळ लॅटिनमधल्या ‘खाली बघणे’ अशा क्रियापदावरून आलाय. स्पेक्टेटर, इन्स्पेक्ट या शब्दांत जे ‘बघणं’ आहे तेच यात आहे, फक्त दिशा खालची. म्हणून हेट तुम्ही बरोबरीच्या माणसाला करू शकता, तुमच्यापेक्षा ताकदवान माणसाला तर करूच शकता, आणि त्याच वेळी त्याच्याबद्दल मनात आदरही असू शकतो. कडक शिस्तीच्या सरांना मुलं हेट करतात पण डिस्पाइज करत नाहीत, उलट धाक असतो. डिस्पाइज त्याला, जो तुमच्या नजरेतून उतरलाय. साहेबाच्या मागेपुढे करून सहकाऱ्याचं काम आपल्या नावावर खपवणारा, दुबळ्यावर हात उचलणारा. त्याची भीती नसते, त्याची किंमतच उरलेली नसते.

बोलण्यात मात्र इंग्रज-अमेरिकन लोक ‘आय डिस्पाइज मश्रूम्स’ असंही म्हणतात, तिथे ते नुसतं वाढवून बोलणं आहे. ऐकलं तर गोंधळू नका. पण स्वतः लिहिताना, विशेषतः परीक्षेत, मूळ अर्थ सांभाळा. आणि वाक्यात कारण द्यायचं असेल तर ‘फॉर’ लावा: ‘शी डिस्पाइज्ड हिम फॉर हिज काउअर्डिस’.

कन्टेम्प्ट, डिस्डेन, स्कॉर्न हे तीन तर अगदी सारखेच वाटतात?

तिन्ही वरून खाली बघणारेच आहेत, म्हणून सारखे वाटतात. कन्टेम्प्ट हे त्या भावनेचं नाव, आपल्याकडचा तिरस्कार आणि तुच्छता दोन्ही मिळून. डिस्डेन हा गप्प असतो. ‘हा आपल्या लायकीचा नाही’ असं वाटून ढुंकूनही न बघणं, याच्या मुळाशी लॅटिनमधला ‘लायक’ या अर्थाचा शब्द आहे, डिग्निटीही तिथूनच आलाय. लग्नात एखादे पाहुणे पंगतीकडे बघून नाक मुरडतात ना, एक शब्द न बोलता, तो डिस्डेन. इंग्रजीतही यासाठी नाकाचाच वाक्प्रचार आहे, ‘टर्न अप वन्स नोज अ‍ॅट’, त्यामुळे तो आपल्या मुलांच्या पटकन लक्षात राहतो.

स्कॉर्न मात्र बोलतो. त्यात हिणवणं आहे, झिडकारणं आहे. कुणी मदत देऊ केली आणि ती अपमान करून फेटाळली, तर ‘ही स्कॉर्न्ड द ऑफर’. याच गल्लीत आणखी काही शब्द राहतात: कुत्सित हसून बोलणं म्हणजे स्नीअर, ‘हॅ, असं कुठे असतं का’ म्हणून उडवून लावणं म्हणजे स्कॉफ, घोळक्याने हुर्यो करणं म्हणजे जीअर, आणि लेखात, भाषणात जरा जड शब्द हवा असेल तर डिराइड. स्नीअरमध्ये ओठ वाकडा होतो हे लक्षात ठेवा. चेहऱ्यावरच्या भावनांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि त्यांचे सहकारी फ्रीझन यांनी 1986 मध्ये कन्टेम्प्टच्या चेहऱ्याबद्दल मांडलं ते हेच, की ओठाचा एकच कोपरा ताणला जातो. बाकी बहुतेक भावना दोन्ही बाजूंनी सारख्या उमटतात, तुच्छता एका बाजूने. आरशात करून बघा, शब्द कायमचा लक्षात राहील.

कन्टेम्प्चुअस आणि कन्टेम्प्टिबल, कायम उलटसुलट होतं. सोपं करून सांगा ना.

ज्याच्या मनात तुच्छता आहे तो कन्टेम्प्चुअस. ज्याची तुच्छता वाटावी तो कन्टेम्प्टिबल. ‘अ कन्टेम्प्चुअस लुक’ म्हणजे तुच्छतेने टाकलेली नजर, ‘अ कन्टेम्प्टिबल अ‍ॅक्ट’ म्हणजे नीच कृत्य. शेवटी ‘-बल’ आलं की ती गोष्ट त्या भावनेच्या लायक आहे असं समजायचं, मग डिटेस्टेबल, डिस्पिकेबल सगळे आपोआप बसतात.

मग ‘कन्टेम्प्ट ऑफ कोर्ट’मध्ये हा शब्द कुठून आला? तिथे कोण कुणाचा तिरस्कार करतं?

सीबीएसजवळच्या जिल्हा कोर्टात काम करणाऱ्या एका मुलाने विचारलेला हा प्रश्न, आणि फार चांगला प्रश्न आहे. मराठीत आपण न्यायालयाचा अवमान म्हणतो. इथे मनातल्या भावनेपेक्षा वागणूक बघितली जाते. 1971 चा आपला कायदा दोन प्रकार करतो. कोर्टाचा आदेश जाणूनबुजून मोडला तर दिवाणी अवमान. कोर्टाची बदनामी केली, चालू खटल्यात ढवळाढवळ केली, न्यायदानात अडथळा आणला तर फौजदारी अवमान. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि कोर्टाचं समाधान होईल अशी माफी मागितली तर ती माफही होऊ शकते. जिल्हा कोर्टाचा अवमान झाला तरी त्या कायद्याखाली शिक्षा द्यायचा अधिकार हायकोर्टाकडे असतो.

शब्दाच्या दृष्टीने बघायचं तर ज्याला वर मानायला हवं त्याला तुम्ही खालचं मानून वागलात, हा त्यातला मुद्दा. म्हणजे दिशा तीच, वरून खाली.

कायद्यांमध्ये ‘हेट्रेड’ आणि ‘कन्टेम्प्ट’ दोन्ही लिहितात, एकाने भागत नाही का?

नाही भागत, आणि याची आपल्या इतिहासातली गोष्ट प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला माहीत असावी असं मला फार वाटतं. भारतीय दंड संहितेत 1870 साली राजद्रोहाचं 124अ कलम घातलं गेलं, तेव्हा त्यात मुख्य शब्द होता ‘डिसअफेक्शन’. 1897 ला लोकमान्य टिळकांवर केसरीतल्या लेखनावरून मुंबई हायकोर्टात खटला चालला तेव्हा सगळा वाद या एका शब्दावर येऊन ठेपला. अफेक्शन म्हणजे प्रेम, मग डिसअफेक्शन म्हणजे काय? नुसता प्रेमाचा अभाव, की वैर? न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगताना त्याचा अर्थ प्रेमाचा अभाव असाच घेतला आणि हेट्रेड, एनमिटी, डिसलाइक, होस्टिलिटी, कन्टेम्प्ट आणि सरकारबद्दलची प्रत्येक प्रकारची वाईट भावना त्यात बसवली. विचार करा, डिसलाइक सुद्धा! सरकार आवडत नाही एवढंसुद्धा गुन्ह्याच्या जवळ नेऊन ठेवलं. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, आणि पुढच्याच वर्षी, 1898 ला, कलम बदलून ‘हेट्रेड ऑर कन्टेम्प्ट’ हे शब्द थेट कायद्यात घातले गेले. 1908 ला याच कलमाखाली त्यांना परत शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. ही दंड संहिता 1 जुलै 2024 पासून जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली.

आता दोन शब्द का, ते बघा. परकीय राजवटीला भीती दोन गोष्टींची होती. लोक आपल्यावर चिडले तर ते हेट्रेड. पण लोक आपल्याला हसायला लागले, आपल्याला किंमतच देईनासे झाले तर ते कन्टेम्प्ट, आणि सत्तेला ते जास्त झोंबतं. चिडलेला माणूस निदान तुम्हाला मोठं तरी समजतो. शब्दांमधला फरक म्हणजे एमसीक्यूपुरती गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांना मी हेच उदाहरण देते, की एका शब्दाचा अर्थ किती ताणला यावर माणसं तुरुंगात गेलीत.

किळस येते याला बरोबर शब्द कुठला?

साधा, रोजचा, बरोबर शब्द डिसगस्ट. याच्या मुळाशी चव आहे, लॅटिनमध्ये ‘गुस्तुस’ म्हणजे चव, आणि डिसगस्ट म्हणजे तोंडात धरवेना असं काहीतरी. त्याहून जोरात, एकदम मागे सरकावंसं वाटलं तर रिव्हल्शन. नुसतं नाव काढलं तरी शिसारी येते इतकं खोल असेल तर लोद. विशेषण हवं असेल तर रिपल्सिव्ह, रिव्होल्टिंग. रिपग्नंट हा जास्त करून विचारांसाठी, वागण्यासाठी वापरतात, ‘अ रिपग्नंट आयडिया’.

आपल्या परंपरेत किळस या भावनेला मान आहे हे मुलांना माहीत नसतं. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितलेत, त्यातला एक बीभत्स, आणि त्याचा स्थायीभाव, म्हणजे त्यामागची मूळ भावना, जुगुप्सा. जुगुप्सा म्हणजेच डिसगस्ट. पाश्चात्य मानसशास्त्रातही एकमनच्या सहा मूळ भावनांच्या यादीत डिसगस्ट आहे. म्हणजे किळस ही रागाची धाकटी बहीण वगैरे काही नाही, स्वतंत्र भावना आहे, म्हणून तिला ‘हेट’ म्हणून चालत नाही.

दोन सूचना. पहिली, ‘आय अ‍ॅम डिसगस्टिंग’ म्हणू नका, त्याचा अर्थ मीच किळसवाणा असा होतो, ‘आय अ‍ॅम डिसगस्टेड’ म्हणा. दुसरी, आपल्याकडे मॅच हरली, ट्रॅफिक लागलं, नेट गेलं की ‘डिसगस्टिंग’ म्हणायची सवय आहे. द्वारका सर्कलला अर्धा तास अडकलात तर ते फ्रस्ट्रेटिंग आहे, इरिटेटिंग आहे. गोदावरीत नाल्याचं पाणी मिसळताना दिसतं, पाणवेलीखाली कचरा कुजतोय आणि त्याचा वास येतोय, तिथे डिसगस्टिंग म्हणा, अगदी जोरात म्हणा, तो शब्द त्यासाठीच आहे.

गेस्टने रिव्ह्यूमध्ये ‘अपॉलिंग’ लिहिलंय, हे किती वाईट?

गंगापूर धरणाच्या बाजूला ज्यांचे होमस्टे आहेत त्यांच्याकडून असे स्क्रीनशॉट येत असतात. अपॉलिंग म्हणजे धक्का बसावा इतकं वाईट, खूप गंभीर आहे, लगेच फोन करून विचारा काय झालं. डिसगस्टिंग लिहिलं असेल तर नव्वद टक्के वेळा बाथरूम, चादर किंवा अन्नाचा विषय असतो असं मी समजून चालते, तेच आधी तपासा. अंडरव्हेल्मिंग म्हणजे अपेक्षेएवढं नव्हतं. आणि ब्रिटिश पाहुण्याने ‘नॉट क्वाइट माय कप ऑफ टी’ लिहिलं तर त्याला चहाचं काही म्हणायचं नसतं, त्याला ते आवडलेलं नाही, फक्त सभ्यपणे सांगतोय. बऱ्याच जणांना मिसळीचा तिखटपणा झेपत नाही तेव्हा ते असंच लिहितात, मनावर घेऊ नका.

लोथ आणि लोद, एकच ना?

नाही. शेवटी ‘ई’ नसलेला लोथ हे विशेषण, नाखूष असणे: ‘आय अ‍ॅम लोथ टू लीव्ह नाशिक’. ‘ई’ असलेला लोद हे क्रियापद, तीव्र तिटकारा असणे. पहिल्यात थ, दुसऱ्यात द कडे झुकणारा आवाज, ब्रेथ आणि ब्रीद सारखंच.

अब्हॉर, डिटेस्ट हे फार पुस्तकी नाहीत का? कधी वापरायचे?

डिटेस्ट बोलण्यात चालतो. मूळ अर्थ देवाला साक्षी ठेवून शाप देणं असा होता, टेस्टिफाय म्हणजे साक्ष देणं, तेच मूळ. अब्हॉरच्या पोटात हॉरर आहे, शहारून मागे होणं. अब्हॉर जरा औपचारिक, निबंधात, भाषणात शोभतो, आणि तो माणसापेक्षा तत्त्वाविरुद्धच्या गोष्टीला छान बसतो: व्हायोलन्स, क्रुएल्टी, अनटचेबिलिटी. ‘आय अब्हॉर माय नेबर’ व्याकरणात बसतं पण विचित्र वाटतं. डिप्लोअर म्हणजे एखाद्या कृत्याचा तीव्र निषेध आणि खेद. हाही कृत्यासाठी ठेवावा. 2016 च्या अमेरिकन निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना ‘बास्केट ऑफ डिप्लोरेबल्स’मध्ये टाकलं, दुसऱ्याच दिवशी ‘निम्मे’ म्हटल्याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला, पण तोवर विरोधकांनी तो शब्द टीशर्टवर छापून अभिमानाने मिरवायला सुरुवात केली. कृत्याला लावायचं विशेषण माणसांच्या गठ्ठ्याला लावलं की ते वरून फेकल्यासारखं लागतं, आणि लोक वरून फेकलेलं विसरत नाहीत.

‘परायाह’ शब्द पेपरात वाचला, वापरू का?

वापरू नका. समजून घ्या, पण वापरू नका. ‘परायाह स्टेट’ म्हणजे सगळ्या देशांनी वाळीत टाकलेला देश, असा तो इंग्रजी पेपरात येतो. पण हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून नेलाय, तमिळमधल्या परैयर या समाजाच्या नावावरून, परै म्हणजे ढोल, त्यावरून ते नाव. एका समाजाचं नाव ‘बहिष्कृत’ या अर्थाने जगभर गेलं, ही त्या शब्दाची हकिकत आहे. आपण नाशिकचे, 2 मार्च 1930 ला इथल्याच काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते, आणि तो पुढे काही वर्षं चालला. माणसाने काय केलं हे न बघता जन्मावरून त्याला खाली बघणं म्हणजे कन्टेम्प्टचं सगळ्यात क्रूर रूप, आणि ते कुठल्याही भाषेतल्या शब्दात लपून राहू शकतं. ‘आउटकास्ट’ हा शब्दही मी टाळते, ‘आयसोलेटेड’, ‘शन्ड’, ‘बॉयकॉटेड’ यांनी काम होतं.

कुणाबद्दल मनात अढी आहे, त्याला हेट म्हणावंसं वाटत नाही. मग काय?

तुमचं बरोबर आहे, ते हेट नाहीच. रिझेंटमेंट म्हणा. कुणी तरी अन्याय केला, तो बोलून दाखवता आला नाही, आणि ते आत साठत राहिलं. याचं मूळ ‘परत परत जाणवणे’ असं आहे, आणि खरंच, ती जुनी गोष्ट रोज नव्याने जाणवते. निफाड-दिंडोरीकडे वाटणीवरून भाऊ भाऊ बोलत नाहीत, द्राक्षबाग एकाला गेली आणि मुरमाड तुकडा दुसऱ्याला, तिथे रिझेंटमेंट आहे. डूख धरलाय असं म्हणायचं तर ‘ही बेअर्स अ ग्रज’. नुसता आकस, कारण नसताना त्रास द्यायची इच्छा, तर स्पाइट किंवा मॅलिस. उघड वैर असेल तर एनमिटी, होस्टिलिटी. दोघांमध्ये वातावरणच कडवट असेल तर अ‍ॅनिमॉसिटी, आणि फार जुनं, मुरलेलं वैर असेल तर रँकर. हे शब्द मला आवडतात कारण त्यात समोरच्याला खाली ढकललेलं नाही, आपल्याला लागलंय एवढंच कबूल केलंय, त्यामुळे समेटाला जागा राहते.

प्रीपोझिशन फार चुकतात. लिहून द्या.

कन्टेम्प्ट फॉर, डिस्डेन फॉर, स्कॉर्न फॉर. हेट्रेड ऑफ किंवा फॉर. अ‍ॅव्हर्जन टू, अ‍ॅव्हर्स टू, म्युच्युअल फंडाच्या फॉर्मवरचं ‘रिस्क-अ‍ॅव्हर्स’ आठवा, आणि ते अ‍ॅडव्हर्स नाही, अ‍ॅडव्हर्स म्हणजे प्रतिकूल. अँटिपथी टुवर्ड्स. होस्टाइल टू. डिसगस्टेड विथ किंवा बाय. फेड अप विथ. स्नीअर अ‍ॅट, स्कॉफ अ‍ॅट. लुक डाउन ऑन. ‘होल्ड समवन इन कन्टेम्प्ट’ हा अख्खा तुकडाच पाठ करा.

‘आय डिटेस्ट टू वेट’ बरोबर का?

‘वेटिंग’ म्हणा. डिसलाइक, डिटेस्ट, लोद, कान्ट स्टँड या सगळ्यांपुढे आयएनजी. हेट एकटा दोन्ही चालवून घेतो, ‘आय हेट वेटिंग’ आणि ‘आय हेट टू से धिस’. आणि परीक्षेत ‘आय अ‍ॅम हेटिंग’ लिहू नका.

इंटरव्ह्यूत जुनी नोकरी का सोडली विचारतात. खरं तर बॉस असह्य होता, कसं सांगू?

या वर्गातला एकही शब्द तिथे काढू नका, कितीही बरोबर असला तरी. ऐकणारा तुमच्या जुन्या बॉसला ओळखत नाही, त्याच्यासमोर फक्त तुम्ही आणि तुमचा शब्द असतो. ‘आय वॉज नॉट कम्फर्टेबल विथ द वे डिसिजन्स वेअर मेड’ किंवा ‘द रोल वॉज नॉट अ गुड फिट’ एवढं बास. खरं बोलायचं असेल तर घटना सांगा, भावना सांगू नका: शिफ्ट आयत्या वेळी बदलायचे, ओव्हरटाइमचं लेखी मिळायचं नाही. मेलमध्येही तेच. ‘आय अ‍ॅम नॉट कीन ऑन धिस’ म्हणजे मला हे नको आहे, आणि ऑफिसात ते पुरेसं स्पष्ट असतं.

क्रिंज, इक, ग्रॉस हे शब्द खरे आहेत का?

आहेत, फक्त जागा सांभाळा. ग्रॉस म्हणजे शी, घाण. क्रिंज म्हणजे दुसऱ्याचं वागणं बघून आपल्यालाच लाजल्यासारखं होणं, मूळ क्रियापद जुनं आहे, अंग चोरणं. इक म्हणजे आवडणाऱ्या माणसाबद्दल एखाद्या बारक्याशा गोष्टीने अचानक मन उतरणं. मित्रांशी बोलताना खुशाल वापरा, उत्तरपत्रिकेत नको.

‘फॅमिलियारिटी ब्रीड्स कन्टेम्प्ट’ला मराठीत काय?

अतिपरिचयात अवज्ञा. हुबेहूब.

घरातल्या भांडणात इंग्रजी शब्द आले की जास्त लागतात, असं का?

हा प्रश्न एका ताईंनी बॅच सुटल्यावर थांबून विचारला होता. माझं मत असं की लागतं ते इंग्रजीमुळे नाही, त्या शब्दात वरून बघणं असतं म्हणून. ‘यू आर पथेटिक’ यात राग कमी आणि तुच्छता जास्त आहे. जॉन गॉटमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं नवरा-बायकोंची भांडणं अभ्यासली, आणि नातं मोडण्याची जी चार लक्षणं त्यांनी सांगितली त्यात टीका आहे, बचावाचा पवित्रा आहे, भिंतीसारखं गप्प होणं आहे, पण सगळ्यात घातक त्यांनी कन्टेम्प्टला म्हटलंय, म्हणजे डोळे फिरवणं, हिणवणं, नक्कल करणं. रागवा, चिडा, ‘आय अ‍ॅम अँग्री विथ यू’ म्हणा, ‘आय फेल्ट ह्युमिलिएटेड’ म्हणा. पथेटिक, युसलेस, लूझर हे शब्द घरातून काढून टाका, मुलं ते पहिले उचलतात.

माझा मुलगा सहावीत आहे, प्रत्येक गोष्टीला ‘आय हेट इट’ म्हणतो. काय करू?

रागवू नका. ‘हेट म्हणजे नक्की काय रे, आवडत नाही, कंटाळा येतो, भीती वाटते, की किळस येते?’ असं मराठीतच विचारा. तो जे सांगेल त्याचा इंग्रजी शब्द त्याला द्या. गणिताच्या होमवर्कला बहुतेक ‘आय फाइंड इट बोअरिंग’ निघेल, स्टेजवर बोलायला ‘आय अ‍ॅम स्केअर्ड’, दुधावरच्या सायीला ‘इट्स यकी’. एका आठवड्यात एक शब्द, जास्त नको. आणि तो शाळेतल्या एखाद्या मुलाबद्दल किंवा बसमधल्या कुणाबद्दल ‘आय हेट हिम’ म्हणत असेल तर त्या दिवशी इंग्रजी राहू द्या, आधी त्याला जवळ बसवून काय झालं ते पूर्ण ऐकून घ्या.